निव्वळ राजगिरा

७ फेब्रुवारी

गिरणीच्या मालकीणबाईंस,

सविनय नमस्कार. आपली थोरली बहीण, म्हणजे माझी पत्नी, हिला जाऊन आज चौतीस दिवस झाले. या काळात आपले नऊ फोन आले आणि ते मी घेतले नाहीत. फोनवरचे बोलणे हवेत विरते. मला जे विचारायचे आहे त्याची उत्तरे लेखी हवी आहेत, म्हणून हे पत्र.

औषधांच्या कारखान्यात एकतीस वर्षे मी गुणवत्ता तपासनीस होतो, हे आपण जाणता. गोळीत जे हवे ते घालणारे लोक वेगळे असत. जे नको ते तिच्यात शिरले नाही ना, एवढे पाहणे हे माझे काम. त्याच सवयीने गेला महिनाभर मी स्वतःच्या घराची तपासणी केली.

साडेतीन वर्षांपूर्वी हिच्या आजाराचे निदान झाले. गव्हातले ग्लूटेन तिच्या आतड्याचे अस्तर खरवडून काढत होते, आणि त्यावर औषध एकच: गव्हाचा कणही पोटात जाऊ न देणे. मी त्याच आठवड्यात लाटणी, चाळण्या, लाकडी पाट, टोस्टर असे सर्व घराबाहेर काढले. कपाटांच्या फटी ओल्या कापडाने तीनदा पुसल्या. मी स्वतःही गहू सोडला. तरीसुद्धा हिच्या रक्तातले आकडे जितके उतरायला हवे होते तितके उतरेनात. पोटाच्या डॉक्टरांनी मला तीन वेगवेगळ्या भेटींत तोच प्रश्न विचारला, "कुठून तरी गहू जातोय हो. थोडाच, पण जातोय. घरात नीट बघा." मी तिन्ही वेळा उत्तर दिले, "आमच्या घरातून नाही." डिसेंबरात आतड्यात गाठ निघाली. पुढचे आपणास माहीत आहे.

बाहेरून येणारी आणि माझ्या नजरेआड तयार होणारी वस्तू आमच्या घरात एकच होती: आपल्या गिरणीचे राजगिऱ्याचे पीठ.

तेव्हा कृपया कळवावे. जाते कशाचे आहे, आणि आपल्याकडे येण्यापूर्वी त्यावर काय दळले जात असे? राजगिरा कोणाच्या शेतातून येतो आणि त्या शेताच्या बांधापलीकडे काय पिकते? पोती कोणत्या गाडीतून येतात, आणि त्या गाडीतून आदल्या दिवशी काय गेलेले असते? पाकिटे भरणारी बाई घरून काय खाऊन येते आणि हात केव्हा धुते?

या धान्याविषयी माझे मत फार चांगले होते, हे मी नाकारत नाही. माणूस हजारो वर्षे ते खात आला आहे. प्रथिने भरपूर, आणि त्यांत लायसीन, जे इतर धान्यांत तोकडे पडते. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम. ग्लूटेन शून्य. हा तक्ता मी स्वतःच्या अक्षरात लिहून फ्रिजच्या दाराला लावला होता. त्यानुसार हिला दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी ऐंशी ग्रॅम पिठाचा पाव मिळत असे. वजन मी करत असे, भट्टी मी लावत असे.

आता एक जुनी गोष्ट. आपण पाठवलेले अगदी पहिले पाकीट मिश्र पिठाचे होते. त्यात राजगिरा थोडा आणि तांदळाचे पीठ व बटाट्याचा स्टार्चच जास्त. ते मी परत पाठवले आणि निव्वळ राजगिरा मागितला. तेव्हा आपण फोनवर हसत म्हणालात, "अहो भाऊजी, निव्वळ राजगिऱ्याचा पाव खायचा नसतो, भिंतीत बसवायचा असतो!" त्या वेळीही मला हसू आले नव्हते. आज ते वाक्य मला निराळेच ऐकू येते. ज्या हाताला मिसळण्याची इतकी हौस, त्या हाताने पुढे काय काय मिसळले असेल?

घरात आपली चार पाकिटे शिल्लक आहेत. त्यांपैकी एक मी खासगी प्रयोगशाळेकडे पाठवले आहे. उरलेल्या तिन्हींवर तारीख घालून, मोहोर करून ती कपाटात ठेवली आहेत. उत्तर पंधरा दिवसांत यावे.

आपल्या बहिणीचा पती


२४ फेब्रुवारी

गिरणीच्या मालकीणबाईंस,

आपले उत्तर मिळाले. पुढे गैरसमज नको म्हणून ते जसेच्या तसे येथे उतरवून घेतो.

"भाऊजी, मी 'आपण' कधीपासून झाले? एवढी वर्षं 'अगं गिरणी' म्हणून हाक मारलीत. असो. जातं दगडाचं, कोरं घेतलेलं, गव्हाचं तोंडही त्यानं पाहिलेलं नाही. राजगिरा ज्याच्याकडून येतो तो गहू पेरत नाही, गाडी माझी स्वतःची. पाकिटं भरणारी बाई म्हणजे मीच. काय खाते? जे दळते ते. हात धुते. भिंग घेऊन या आणि कोपरा न् कोपरा बघा. पाकिटामागच्या सूचना कधी वाचल्यात का, तेही सांगा. आणि माझी ताई गेली, तर मी रडायला कुणाकडे जायचं, हेही लिहून पाठवा. तुमच्याकडे तक्ता असेलच."

शेवटच्या वाक्याला उत्तर देण्याचे कारण मला दिसत नाही. बाकीचे आपले म्हणणे आहे, पुरावा नव्हे.

सूचनांविषयी. मी सूचना वाचत नाही, असा आरोप माझ्यावर आजवर कोणी केलेला नाही. आपल्या पाकिटामागे पाच आहेत. मूतखड्याचा त्रास असेल त्याने डॉक्टरांना विचारूनच खावे, कारण या धान्यात ऑक्झलेट बरेच असते. लोहाची गोळी याच्याबरोबर घेऊ नये. तंतू जास्त, म्हणून पाणी भरपूर प्यावे. सवय नसलेल्या पोटाला थोड्यापासून सुरुवात करावी. या चारही मी काटेकोरपणे पाळल्या. हिला मूतखडा नाही हे सोनोग्राफी करून पाहिले होते. पाचवी सूचना अशी की एकूण पिठात राजगिरा चौथा हिस्सा पुरे. ती मी पाळली नाही. ती आरोग्याची सूचना नाही, चवीची आहे, असे माझे तेव्हाही मत होते. जे उत्तम आहे ते पातळ का करावे?

आता मला आठवणारी एक गोष्ट विचारतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आपण दोन दिवस आमच्याकडे होतात. दुसऱ्या दिवशी दुपारी आपण दोघी स्वयंपाकघरात दार लावून बसला होतात. मी पाण्यासाठी आत आलो तेव्हा बोलणे तुटले. ओट्यावर काही सांडलेले नसताना हिने ओटा पुसायला घेतला. आपण खिडकीबाहेर पाहू लागलात. त्या खिडकीतून शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीखेरीज काहीही दिसत नाही. काय बोलणे चालले होते?

आपणास अंधारात ठेवणे मला योग्य वाटत नाही, म्हणून कळवतो. वीस तारखेला मी अन्न निरीक्षकांच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. पहिल्या मजल्यावर दोन टेबले आहेत. एकावर फायली आणि दुसऱ्यावर त्यांचा डबा. त्यांनी विचारले, "कुणाविरुद्ध?" मी म्हणालो, "माझ्या मेहुणीविरुद्ध."

"घराच्या वाटणीचं काही आहे का?"

"पिठाचं आहे."

त्यांनी डब्याचे झाकण लावले आणि पेन उघडले. म्हणाले, "आजोबा, रागात असाल तर उद्या या." मी म्हणालो की मी आजोबा नाही आणि रागातही नाही. ग्लूटेनच्या भेसळीचा संशय, एवढाच मजकूर मी फॉर्मवर लिहिला आणि मोहोर केलेल्या तीन पाकिटांतले एक त्यांच्या स्वाधीन केले.

आपल्या बहिणीचा पती


१७ मार्च

गिरणीच्या मालकीणबाईंस,

तीन गोष्टी कळवायच्या आहेत. त्यांतली पहिली आपल्या बाजूची आहे, म्हणून आधी तीच.

खासगी प्रयोगशाळेच्या अहवालानुसार पाठवलेल्या नमुन्यात ग्लूटेन सापडले नाही. दहा लाख भागांत वीस भाग ही मर्यादा असते. त्यांच्या यंत्राला पाच भागही दिसले नाहीत. मी तेथील कारकुनास फोन करून चाचणी पुन्हा करण्यास सांगितले. तो म्हणाला, "साहेब, शून्य आलंय. आता याच्याहून कमी कुठून आणू?" मी पुन्हा करवून घेतली. पुन्हा तेच.

यावर आपण म्हणाल, झाले समाधान? नाही झाले. एका पाकिटावरून साडेतीन वर्षांचा हिशेब लागत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या फोनची. तीन तारखेला आपल्या गिरणीला कुलूप लागले आणि त्याच दुपारी आपला फोन आला. प्रथमच मी तो उचलला. आपण जे बोललात ते मी विसरलो नाही, हे आपणास समजावे म्हणून लिहून ठेवतो.

"माझ्यावर काय संशय घ्यायचा तो खुशाल घ्या, भाऊजी. पण बेचाळीस घरं माझ्या पिठावर आहेत. त्यांतली अकरा पोरं आहेत. ती आता काय खातील? बाजारातलं? त्यात काय असतं, तुम्हीच मला शिकवलंत ना?"

"तपासणी पूर्ण झाली की कुलूप निघेल."

"आणि नाही निघालं तर?"

"आपण निर्दोष असाल तर निघेल."

"काय बोलता हो! पाव खाऊन खाऊन तुमचंही मन तसंच झालंय. बाहेरून टणक."

त्यानंतर आपण फोन ठेवला. आपण रडत होता की हसत होता, हे मला सांगता येणार नाही.

तिसरी गोष्ट. काल निरीक्षकांनी मला बोलावून सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल दाखवला. गहू नाही. जव नाही. मात्र ज्या पाकिटावर ठळक अक्षरांत 'निव्वळ राजगिरा' असे छापले आहे, त्यात राजगिरा निम्म्याहून कमी निघाला. उरलेले सर्व तांदळाचे पीठ आणि बटाट्याचा स्टार्च.

ते वाचून मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. सत्तर दिवसांनंतर प्रथमच माझ्या पायाखाली काही घट्ट लागले. मी घरी येऊन खुर्चीत बसलो आणि स्वतःशीच मोठ्याने म्हणालो, "बघ, मी म्हणत होतो." कोणाला म्हणालो, ते विचारू नये.

कारण आता आपल्या शब्दाची किंमत कळली. जिने तांदूळ लपवला ती गहू का लपवणार नाही? आज सापडला नाही, कारण आज तो तेथे नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पाकिटांत नव्हता, हे आता कोण सांगणार? निरीक्षक म्हणतात की खोटा छाप हा स्वतंत्र गुन्हा आहे. सुनावणी अठरा एप्रिलला आहे. समाधानकारक खुलासा न झाल्यास परवाना कायमचा रद्द होईल आणि गिरणी बंद.

परत येताना मी डॉक्टरांकडे गेलो आणि हे सर्व सांगितले. त्यांनी हिची फाईल काढून बराच वेळ चाळली. मग म्हणाले, "एक सांगू? रोजच्या पिठातून गहू जात असता तर आकडे एका पातळीला राहिले असते. इथं ते चढतात, उतरतात. आणि हे बघा, शेवटच्या दोन तपासण्यांत तर चांगलेच उतरलेत. नोव्हेंबरनंतर. घरात काय बदललं होतं तेव्हा?"

काही बदलले नव्हते. मी भट्टीचे तापमान दहा अंशांनी वाढवले होते, एवढेच. त्यामुळे पाव हलका होऊ लागला होता, तशी माझ्या वहीत नोंद आहे.

"त्या एकट्या कुठं जायच्या का?" असेही डॉक्टरांनी विचारले. हा प्रश्न मला अप्रस्तुत वाटला आणि तसे मी त्यांना सांगितले.

आपण तांदूळ का मिसळलात, केव्हापासून, आणि आणखी काय मिसळलेत?

आपल्या बहिणीचा पती


३ एप्रिल

गिरणीच्या मालकीणबाईंस,

हे पत्र मी चार वेळा सुरू केले. पाचव्यांदा पुरे करत आहे.

आपले उत्तर अद्याप आलेले नाही. मध्यंतरी मला वाटले की तपासात मी एक दिशा सोडलीच आहे. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर बेकरी आहे. तिथले पीठ दिवसभर हवेत उडत असते, आणि आमची पुढची खिडकी त्याच दिशेला आहे. कणांचा प्रवास किती लांब होऊ शकतो, हे पाहण्यासाठी मी पावलांनी अंतर मोजत तिकडे गेलो. एकशे बारा पावले. बेकरीवालीशी माझा पूर्वी कधी संबंध आला नव्हता. गहू सोडल्यापासून मी त्या बाजूच्या पदपथावरूनही जात नसे.

ती पन्नाशीची, कोपरापर्यंत पांढऱ्या हातांची बाई आहे. मी खिडकीचा विषय काढण्याआधीच म्हणाली, "तुम्ही काकूंचे मिस्टर ना? कळलं मला. फार वाईट झालं. किती दिवसांत त्यांचा पाय इकडे लागला नाही, तेव्हाच मनात पाल चुकचुकली."

मी म्हणालो, "ती इथे येत नसे."

"अहो, दर गुरुवारी! अकराच्या सुमाराला. पहिला घाणा निघायचा तेव्हा. तिथं त्या उपड्या डब्यावर बसायच्या. एक साधा बन, गरम, लोणी नको, जॅम नको. एवढा हळू खायच्या की मी म्हणायचे, काकू, तो काय पळून जातोय का?"

गुरुवारी दहा ते बारा मी वाचनालयात असतो.

मी विचारले, "ती काही बोलायची?"

"हसायच्या. मी एकदा म्हटलं, घरी न्या ना दोन. तर म्हणाल्या, घरी माझी प्रयोगशाळा आहे, तिथं बाहेरचा माल चालत नाही. मग नळावर हात धुवायच्या, चूळ भरायच्या, अंगावरचा चुरा झटकायच्या आणि मला विचारायच्या, दिसतंय का काही? चोरून सिनेमाला जाणाऱ्या पोरीसारख्या." बोलता बोलता ती थांबली. "पण मागच्या ऑक्टोबरपासून येणं जवळजवळ बंदच झालं. एकदा दारातूनच हात केला. म्हणाल्या, आता घरचा पाव बरा लागायला लागलाय."

 माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसले असावे. तिने हात पुसले आणि हळूच विचारले, "त्यांना कसला आजार होता हो? बन चालत नव्हता का त्यांना?"

मी तिच्याकडे पाहिले. तिने तीन वर्षे माझ्या पत्नीला आठवड्यातून एकदा हसवले होते.

मी म्हणालो, "नाही. त्याचा काही संबंध नाही. हृदयाचा त्रास होता."

घरी आलो. त्या दिवसापासून मी बिछाना, कपाट, पर्स, तिच्या कोटाचे खिसे तपासत आहे. एका खिशाच्या शिवणीत चुरा सापडला. तो प्रयोगशाळेकडे पाठवण्याची आवश्यकता नाही.

एक प्रश्न उरतो, आणि तो आपणासाठी आहे. ऑक्टोबरमध्ये आपण दार लावून बसला होतात, आणि ऑक्टोबरपासूनच ती बेकरीत जायची थांबली. म्हणजे आपणास माहीत होते. आपणा दोघींना माहीत होते, बेकरीवालीला माहीत होते, डॉक्टरांनाही संशय होता. फक्त मला माहीत नव्हते. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, माझ्यासमोर बसून ती साडेतीन वर्षे मला फसवत होती. का?

निरीक्षकांना मी अजून काही सांगितलेले नाही. काय सांगावे, हे आपल्या उत्तरावर अवलंबून आहे.

— तिचा पती


१२ एप्रिल

प्रिय गिरणी,

तुझे पत्र परवा आले. ते मी एकदाच वाचले, आणि आता ते पाठ झाले आहे.

"हो, मिसळलं. ऑक्टोबरपासून. ताईनं मागितलं म्हणून. त्या दुपारी ती म्हणाली, 'अगं, घास तोंडात नुसता फिरतो. चिकट, मातकट. पाण्याच्या घोटाबरोबर ढकलते खाली, तर हे खूश, म्हणतात, शाब्बास, पाणीसुद्धा भरपूर पितेस.' आम्ही दोघी हसून हसून वेड्या झालो आणि मग तिला रडू आलं. तेव्हा तिनं बनचं सांगितलं. मी तिला फाडून खाल्ली, भाऊजी. म्हटलं, मरायचंय का? आधी त्यांना सांग, पाव गिळवत नाही म्हणावं. तर म्हणाली, 'कुठल्या तोंडानं सांगू? माझ्यापायी त्यांनी स्वतःचा गहू सोडला. रोज समोर बसून तोच पाव खातात आणि म्हणतात, आज उत्तम झालाय. एवढं कुणी करतं का?' शेवटी आमचं ठरलं. तिनं बन सोडायचा, आणि मी पीठ खाण्यासारखं करून द्यायचं, तुम्हाला कळू न देता. तुमच्या महिन्याच्या चार पाकिटांपुरतंच केलं, दुसऱ्या कुणाच्या नाही. पाकिटावर खोटं छापलेलं होतं, हे खरं आहे. माझं चुकलं ते एवढंच, की तीन वर्षं आधी नाही केलं. आता सरकारला काय सांगायचं ते सांगा. मी भांडणार नाही."

मी तुला काही सांगतो. ते कोणाला सांगितलेले नाही. मलाही तो पाव आवडत नसे.

पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आले होते की तो टाळूला चिकटतो आणि त्याला ओल्या पोत्याचा वास येतो. पण ती निमूटपणे खात होती, तेव्हा मी कसा तोंड वाकडे करणार? मी 'उत्तम' म्हणत असे, ती मान डोलवत असे. एकतीस वर्षांत मी एकाही मालावर खोटा शेरा दिला नाही, हे मी अभिमानाने सांगत आलो. जेवणाच्या टेबलावर मात्र मी तो दिवसातून तीन वेळा देत होतो. नोव्हेंबरात पाव खरोखर चांगला लागू लागला, तेव्हा मी भट्टीच्या तापमानाला श्रेय दिले. तिने ते मला घेऊ दिले.

काल डॉक्टरांकडे जाऊन सर्व सांगितले. ते म्हणाले, "गाठ त्या बनमुळं झाली असं मी म्हणणार नाही, आणि बनमुळं नाही झाली असंही म्हणता येणार नाही. पथ्य शंभर टक्के पाळूनही हा आजार कधी कधी असा उलटतो." मी विचारले की पहिल्या दिवसापासून मिश्र पिठाचा पाव दिला असता तर? त्यांनी फाईल मिटली. चष्मा काढून पुसला.

तिथून निरीक्षकांकडे गेलो. गव्हाविषयीची तक्रार लेखी मागे घेतली. ते म्हणाले, "गव्हाचं मिटलं. पण छापाचं काय? ते आता सरकारचं प्रकरण आहे." मी म्हणालो, "ते मिश्रण माझ्या मागणीवरून केले होते. फक्त माझ्यासाठी."

त्यांनी मान वर केली. "मग हे तेव्हाच का नाही बोललात?"

"विसरलो."

"तुम्ही? विसरलात?"

"माझी पत्नी वारली होती," मी म्हणालो. हे खरे होते, म्हणून ते मला नीट उच्चारता आले.

त्यांनी पेनाने टेबल वाजवले. मग म्हणाले, "गिऱ्हाइकानं स्वतः लेखी मागणी केली असेल, आणि माल दुसऱ्या कुणाला गेला नसेल, तर समज देऊन सोडता येईल. पण कागद लागेल. ऑक्टोबरचा. आहे का?"

मी म्हणालो, "आहे. मेहुणीकडे आहे."

तो कागद सोबत जोडला आहे. माझ्या जुन्या पॅडवर, जुन्याच शाईने लिहिला आहे. घड्या पाडून तो रात्रभर उशीखाली ठेवला, आता नवा दिसत नाही. अठरा तारखेला हाच दाखव. तारखेविषयी विचारले तर खिडकीबाहेर पाहू नकोस, तुला ते जमत नाही. माझी आधीची चारही पत्रे फाडून टाक. त्यांत मी याच्या नेमके उलट लिहिले आहे. माझ्याकडच्या प्रती मी फाडल्या. वाचून झाले की हे पत्रही फाड.

हे गैर आहे, हे मला ठाऊक आहे. मी ते पूर्ण शुद्धीवर करत आहे. बेचाळीस घरे थांबली आहेत, आणि हा कागद लिहिणे माझ्याकडे तसेही सहा महिन्यांपासून राहून गेले होते.

तुझे भाऊजी


(सोबत)

१६ ऑक्टोबर

प्रिय गिरणी,

तू कालच परत गेलीस, आणि लगेच हे पत्र पाठवतो आहे, याचे आश्चर्य वाटू देऊ नकोस.

पुढील महिन्यापासून आमच्या चार पाकिटांत निव्वळ राजगिरा पाठवू नये. तू पहिल्यांदा पाठवलेस तसेच मिश्रण हवे: तांदळाचे पीठ, बटाट्याचा स्टार्च आणि बेताचाच राजगिरा. प्रमाण तुझ्या अनुभवाने ठरव. त्यात मी ढवळाढवळ करणार नाही. नेहमीची छापील पाकिटे चालतील. चार पाकिटांसाठी वेगळा छाप करण्याची तसदी घेऊ नकोस.

त्या वेळी मी ते पीठ परत पाठवले, ही माझी चूक होती. तुझी ताई हा पाव तीन वर्षे तक्रार न करता खाते आहे, आणि तो तिच्या घशाखाली उतरत नाही, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला. ती स्वतःहून बोलणार नाही. मी काही सोडले आहे असे तिला वाटते आणि त्याचे तिला ओझे होते. प्रत्यक्षात मलाही तो पाव मुळीच आवडत नाही, हे काल जेवताना मी तिला सांगून टाकले. ती आधी माझ्याकडे पाहतच राहिली. मग इतकी हसली की तिला ठसका लागला.

पीठ कसे हवे, हे मी तिला विचारूनच कळवत आहे. या वेळी मी तिला विचारले.

तुझे भाऊजी